वांग्यांना गोळ्या

रेणूनं फळी झाडली, उशा उलट्या केल्या, साड्यांच्या घड्या विस्कटल्या, पण गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट काही सापडलं नाही. वनरक्षक भरतीची लेखी परीक्षा ती पास झाली होती; भंडाऱ्याला धावण्याची चाचणी तेवढी बाकी होती. मूल नोकरीनंतर, असं नवराबायकोचं ठरलेलं. घरात मात्र सांगितलं नव्हतं. सासूबाई कुसुमताई शेजारची नातवंडं मांडीवरून खाली उतरू देत नसत, त्यावरून रेणू काय ते समजली होती.

गोळ्या देणारी आशाताई नेमकी ट्रेनिंगला गेलेली. म्हणून रेणूनं नवऱ्याला, कुंदनला, लाखनीच्या मेडिकलमध्ये पिटाळलं. पण मेडिकलवाला भैयाजी हा कुंदनच्या बापाचा दोस्त. त्याच्यापुढं तोंड उघडायचं म्हणजे कठीणच. कुंदन एकदा बाम घेऊन आला, एकदा खोकल्याचं औषध, एकदा नुसता कापूस.

"घरात दवाखाना टाकता का जी?" रेणू भडकली.

"गर्दी होती ना वो," कुंदन पुटपुटला.

व्हायचं तेच झालं. पाळी लांबली आणि रेणूची झोप उडाली. दिवस गेले असले तर धावायचं कसं? आणि आता नाही धावलं, तर पुन्हा भरती निघणार कधी?

अशात जेवताना सासरे सेवकराम खुशीत आले. ताटात परसातल्या वांग्यांची भाजी होती.

"पाहून राहिले ना वांगे? फुलं गळून राहिले होते. पानठेल्यावर एकानं इलाज सांगतला. एकेका झाडाच्या बुडाशी एकेक गोळी पुरली. सरकारी, फुकटची!"

"कोनती गोळी, मामाजी?"

"बाया खातेत ते. फळीवर पाकीट पडलं होतं. मले वाटलं, जुनं असन."

"ते पाकीट माहं होतं जी!" रेणू किंचाळली, आणि मग सगळंच बाहेर आलं, पाळीसकट. कुंदननं ताटात तोंड खुपसलं. सेवकराम हातातल्या घासाकडं असे पाहू लागले, जणू गुन्हा वांग्यानंच केला होता. रेणूची नजर सासूवर. आता देवापुढं नारळ फुटणार आणि आपलं धावणं बंद होणार, हे ती धरूनच चालली.

कुसुमताई उठल्या त्या नवऱ्यावरच घसरल्या. "बह्याड झाले का जी तुमी? पोरीची धाव आली तोंडावर, अन् तुमी वांग्याले गोळ्या चारून राहिले?" मग सुनेकडं वळल्या. "अन् तू मले काहून नाई सांगतलं वो?"

"तुमाले नातू पायजे ना, आई."

"पायजे ना! पन तू म्हनशीन तवा. चाल, चप्पल घाल."

भैयाजीच्या दुकानात भर गर्दीत कुसुमताईंनी खणखणीत आवाजात गर्भ तपासायची किट मागितली. भैयाजीचे डोळे रेणूवर गेले.

"कोनासाठी, वहिनी?"

"माह्यासाठी."

"तुमच्यासाठी?"

"काहून? मले इकनार नाई का तुमी?"

भैयाजीच्या हातून किट खाली पडली. ती त्यानं उचलून दिली.

घरी आल्यावर किटवर एकच रेघ उमटली. दिवस गेलेच नव्हते. रेणू सासूच्या गळ्यात पडून पोटभर रडली. इतकी वर्षं जिला ती घाबरत आली, तिनं आज भर बाजारात सुनेची लाज स्वतःच्या अंगावर घेतली होती.

"आई, तुमचे उपकार कसे फेडू?"

"धावून फेड," कुसुमताई म्हणाल्या आणि भांडी घासायला बसल्या.

रेणू धावली, आणि अशी धावली की निवड यादीत तिचं नाव लागलं. सेवकराम पेढे घेऊन लाखनीभर फिरले. पानठेल्यावर भैयाजी भेटला. पेढा तोंडात टाकून त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "सेवकराम, सून तं धावत होती. मंग त्या दिवशी वहिनीनं किट कोनासाठी नेली होती?"

पानठेल्यावरच्या झाडून साऱ्या माना वळल्या. सेवकरामांचे कान लाल झाले. बायकोसाठी नव्हती म्हणावं, तर सुनेचं नाव निघतं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"तुह्या वहिनीसाठीच ना," ते म्हणाले. "मानसानं आस सोडू नये, भैयाजी. घे, अजून एक पेढा खा."