चारही बाजूंनी बायको

आमच्या सर्व्हेअरसाहेबांनी फोटोंचं पुस्तक करायचं ठरवलं, ते केवळ एका साध्या प्रश्नाचं उत्तर त्यांना आलं नाही म्हणून. (उत्तर एका शब्दाचं होतं. पण साहेबांना थोडक्यात आटपायची सवय कधीच नव्हती.)

झालं असं, की साहेबांच्या साडूने आपल्या बायकोचं, म्हणजे वहिनींच्या थोरल्या बहिणीचं, फोटोंचं पुस्तक करून घेतलं होतं. जाड पुठ्ठा, गुळगुळीत पानं आणि पानोपानी ताई. खिडकीशी ताई, फुलांपाशी ताई, हनुवटीला बोट लावून विचार करणाऱ्या ताई. (ताईंना विचार करताना आजवर कोणी पाहिलेलं नाही, पण ते असो.) फोटो काढले स्टुडिओवाल्याने, पुस्तक बांधलं स्टुडिओवाल्याने आणि कौतुक मात्र साडूचं. चहा होईपर्यंत साहेबांनी ते पुस्तक तीनदा चाळलं, तेही बांधणी कुठे उसवली आहे का, हे शोधत.

परतताना गाडीत वहिनी म्हणाल्या, "भावोजींचं लक्ष असतं हो ताईकडे."

"म्हणजे माझं नसतं?"

"नजर रस्त्यावरच ठेवा आणि सांगा. माझ्या चष्म्याची फ्रेम कुठल्या रंगाची आहे?"

साहेबांनी एक अख्खा सिग्नल आठवण्यात घालवला. मग म्हणाले, "तुला चष्मा कधी लागला?"

"तीन वर्षं झाली," वहिनी म्हणाल्या आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्या रागावल्या असत्या तर साहेबांनी निभावून नेलं असतं. त्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. पण वहिनींना वाईट वाटलं होतं, आणि ते साहेबांच्याही जिव्हारी लागलं.

घरी आल्यावर बूट न काढताच त्यांनी फोनवरच्या कौटुंबिक ग्रुपवर जाहीर केलं, "येत्या तीस दिवसांत मी स्वतः, स्वतःच्या कॅमेऱ्याने, हिचे तीस फोटो काढून पुस्तक करणार. प्रकाशन हिच्या वाढदिवशी." साडूने उत्तरादाखल फक्त एक अंगठा पाठवला. तो अंगठा पाहिल्यावर साहेबांना माघार घेणं शक्यच नव्हतं.

आता साहेबांना कॅमेऱ्यातलं काही कळत नव्हतं, असं मुळीच नाही. गेली बावीस वर्षं ते दुसरं काही करतच नव्हते. ठोकलेल्या गाड्या विमा कंपनीसाठी तपासणं हा त्यांचा पेशा. गाडी समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून, मग नंबरप्लेट, मग पोचा आलेल्या जागेचा अगदी जवळून फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. ओरखडा आजचा की मागच्या वर्षीचा, हे ते दहा पावलांवरून सांगत. बायकोचा चष्मा तीन वर्षं दिसला नाही हे खरं, पण चष्म्याला कोणी धडकलं नव्हतं, त्याला साहेब काय करणार?

दुसऱ्या दिवशी वहिनी चांगले कपडे घालून, केस नीट करून हॉलमध्ये आल्या. (इतक्या वर्षांत नवऱ्याने पहिल्यांदा 'जरा इकडे ये' असं काही न हरवता म्हटलं होतं.)

"भिंतीपाशी उभी राहा. सरळ. आता डावी बाजू. आता उजवी. आता मागची."

"हसू का?"

"नको. मूळ आकार बदलतो."

"अहो, पाठीचा फोटो कशाला?"

"मागून धक्का बसलेला असतो, समोरून कळत नाही."

"पंचवीस वर्षांपूर्वी बसलाय," वहिनी भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "अजून सावरतेय."

पण साहेबांचं लक्ष कुठे होतं! त्यांना वहिनींच्या मनगटावर भाजल्याची खूण सापडली होती आणि खिशातून मोजपट्टी बाहेर आली होती.

"हे कधीचं?"

"मागच्या आठवड्यातलं. गरम भांडं लागलं."

"मग तेव्हाच का नाही कळवलंस?"

"कळवलं होतं की. तुम्ही पेपरच्या मागून 'बरं झालं' म्हणालात."

पहिल्या आठवड्यात वहिनी रोज कपडे बदलून येत. दुसऱ्या आठवड्यात हात पुसत येऊन विचारू लागल्या, "आज काय मोजायचंय?" साहेब मात्र रंगून गेले होते. प्रत्येक फोटोखाली ते नेटकी ओळ लिहीत. 'डावा गुडघा. जिना चढताना आवाज. नेहमीच्या वापराने झीज.' 'कपाळ. दोन उभ्या रेषा. कारण अज्ञात.' आणि खरं सांगायचं, तर या मोजमापात त्यांना बायको दिसायलाही लागली होती. फ्रेम तपकिरी होती. कपडे वाळत घालताना ती काहीतरी गुणगुणायची आणि कोणी आलं की थांबायची. हे आपल्याला आजवर कसं माहीत नव्हतं, याचं साहेबांना खरोखर आश्चर्य वाटलं. (वहिनींना नाही वाटलं.)

तिसऱ्या आठवड्यातच एकोणतीस फोटो झाले आणि ताई आठ दिवस मुक्कामाला आल्या. त्यांच्या घरी रंगकाम निघालं होतं. बहिणीदेखत भिंतीपाशी उभं राहायला वहिनींनी साफ नकार दिला. तेव्हा साहेबांनी ठरवलं, शेवटचा फोटो न सांगता काढायचा. एका सकाळी ते अंथरुणातून उठले तर बाल्कनीत कोवळं ऊन आलेलं, नेहमीचा निळा स्वेटर, वर बांधलेले केस आणि कुंड्यांवर वाकलेली ती पाठमोरी आकृती. साहेबांनी श्वास रोखून एकच फोटो काढला. मोजपट्टीशिवाय काढलेला त्यांच्या आयुष्यातला तो पहिला फोटो.

फोटो घेऊन ते लॅबमध्ये गेले. लॅबवाल्याने पहिले दहा पाहिले आणि आवाज खाली आणला.

"साहेब, बाईंना फार लागलंय का हो?"

"कोणाला?"

"कोर्टात द्यायचे असतील तर तारखा फोटोवरच छापतो."

"अहो, बायको आहे माझी!"

"तेच विचारतोय," लॅबवाला खुर्ची मागे सरकवत म्हणाला, "तुम्ही त्यांच्या बाजूचे की विरुद्ध बाजूचे?"

तिसावा फोटो पाहिल्यावर मात्र त्याने खुर्ची पुन्हा पुढे ओढली. "हा घरातल्या माणसाने काढलेला वाटतो," तो म्हणाला. "हा शेवटी घ्या, दोन पानं भरून." साहेबांनी त्या फोटोखाली छापायला स्वतःच्या हाताने ओळ लिहून दिली आणि घरी येताना एकदाही कोणाच्या गाडीचा पोचा पाहिला नाही.

वाढदिवसाला ताई आणि साडू आले. चहा झाला. वहिनींनी पुस्तकावरचा कागद सोडला. कव्हरवर सोनेरी अक्षरं होती, 'माझ्या नजरेतून ती'. आत वहिनी होत्या, चारही बाजूंनी.

साडू खांद्यावरून मोठ्याने वाचत होता. "'कपाळ. दोन उभ्या रेषा. कारण अज्ञात.' अज्ञात कसं? कारण समोरच बसलंय की!"

ताई हसून हसून बेजार झाल्या. वहिनी मात्र हसत नव्हत्या. एकेक पान हळू उलटत त्या गुडघ्यापाशी थांबल्या.

"हा आवाज तुम्हाला ऐकू येतो?"

"रोज येतो."

वहिनींनी चष्मा काढून पुसला. "पाहिलंत की हो माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "वेड्यासारखं पाहिलंत, पण पाहिलंत."

साहेबांचा ऊर भरून आला. इथे त्यांनी पुस्तक हळूच मिटून कपाटात ठेवलं असतं, तर आज ते सुखी गृहस्थ असते. पण कुठे थांबावं हे कळणारा माणूस पुस्तक करायलाच घेत नाही.

"अगं थांब, खरा फोटो पुढेच आहे. शेवटचं पान बघ!"

वहिनींनी शेवटचं पान उघडलं. कोवळं ऊन, कुंड्या, निळा स्वेटर. खाली ओळ होती: 'हिला मी हजार जणींत पाठमोरी ओळखेन.'

वहिनींनी पान डोळ्यांजवळ नेलं. ताई पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "अय्या, ही तर मी!"

"काहीतरीच काय, ताई," साहेब म्हणाले. "स्वेटर हिचा आहे."

"स्वेटर तिचाच. गारठा होता म्हणून घातला मी. पाणी घालायला तिनेच सांगितलं होतं."

साहेबांनी आशेने साडूकडे पाहिलं.

"मी पान उघडताच ओळखलं," साडू नम्रपणे म्हणाला. "म्हटलं, तुमच्या घरचा कार्यक्रम, आपण कशाला बोला. पण फोटो झकास हं! आमच्या स्टुडिओवाल्याला असा एकही जमला नाही. मोठा करून द्या, हॉलमध्ये लावतो."

"द्या ना," वहिनी पुस्तक मिटत म्हणाल्या. "आपल्याकडे पडून काय करायचाय?"

तो फोटो आता साडूच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या अगदी समोर लावलाय, आणि साहेब गेले की त्यांना आग्रहाने त्याच सोफ्यावर बसवतात. नवा पाहुणा हटकून विचारतो, "वा! कोणाचा हो फोटो?" ताई तोंड उघडायच्या आत वहिनी उत्तर देतात.

"माझा," त्या गोड हसून सांगतात. "खोटं वाटत असेल तर यांना विचारा."