लवंगीच्या ऑपरेशनचा ठराव

"तुम्ही सगळे निवांत बसा. हे काम म्हणजे माझ्या हातचा मळ!" असं म्हणत वकीलसाहेबांनी जेवणाच्या टेबलावर अशी काही मूठ आपटली, की बाबांचा पाण्याचा ग्लास उडी मारून त्यांच्याच मांडीवर बसला.

वकीलसाहेब म्हणजे या घरातली एकुलती एक कन्या, इयत्ता नववी. खरं नाव होतं, पण ते फक्त शाळेच्या हजेरीपुरतं. नुकतीच तिनं आंतरशालेय वादविवाद स्पर्धा मारली होती. आधीच्या फेरीत विषयाच्या बाजूनं बोलली, शेवटच्या फेरीत त्याच विषयाच्या विरुद्ध बोलली, आणि दोन्ही वेळा परीक्षकांच्या माना नंदीबैलासारख्या हलल्या! तेव्हापासून फ्रिजवर एक चकचकीत चषक विराजमान झाला होता आणि फ्रिजखाली वकीलसाहेब. दोघांत जास्त कोण चकाकतं ते सांगणं कठीण होतं.

आणि काम कोणतं? तर लवंगीची नसबंदी कधी करायची, एवढं ठरवणं.

लवंगी ही मांजरी. जिन्याखाली, विजेच्या मीटरांच्या कपाटात सापडली तेव्हा बुटाच्या खोक्यात मावेल एवढी होती, पण फिस्कारली अशी की वकीलसाहेब तीन पायऱ्या एका उडीत चढल्या. मिरचीचं नाव तेव्हाच पडलं. तिच्या डाव्या कानाचं टोक गायब होतं. अगदी कात्रीनं कापावं तसं, सरळ रेषेत. या कानावरून बाबांनी एक शौर्यगाथा रचली होती. पहिल्या पाहुण्याला त्यांनी सांगितलं, "कुत्र्याशी झुंज दिलेली दिसते." दुसऱ्या पाहुण्यापर्यंत कुत्र्याचे दोन कुत्रे झाले. चौथ्या पाहुण्याला तर बाबा स्वतः त्या झुंजीच्या वेळी हजर होते आणि "बाजूला हो, मी बघतो!" असं ओरडलेही होते.

लवंगी घरात राहिली ती आईच्या एका अटीवर. आई शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे अट अगदी आकड्यात होती.

"एक मांजर म्हणजे एक! एकाची दोन झाली की सगळं बिऱ्हाड बाहेर. पिल्लं, त्यांची आई, टोपली, सगळं! आणि ते होऊ न देणं ही तुझी जबाबदारी."

"तुला शब्द दिला," वकीलसाहेब म्हणाल्या. लवंगी तेव्हा तिच्या मांडीवर झोपली होती, आणि ती मांडी आता आयुष्यभर रिकामी ठेवायची तिची तयारी नव्हती.

दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर ती जनावरांच्या दवाखान्यात जाऊन थडकली. हातात प्रश्नांचा कागद, चेहऱ्यावर उलटतपासणीचा आव. डॉक्टरबाई एका बोकडाएवढ्या कुत्र्याचं नख कापत होत्या.

"ऑपरेशन कधी करावं?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"चारपाच महिन्यांची झाली, वजन बरं असलं, की करून टाकायचं. पहिल्यांदा माजावर यायच्या आत."

"एकदा पिल्लं होऊ द्यावीत असं काही जण म्हणतात."

"म्हणू देत. तशी काही गरज नसते. मांजर कुठंय?"

"घरी."

"मग घेऊन ये. बघितल्याशिवाय मी काय सांगणार?"

"आधी आमचं ठरू दे, मग आणते," वकीलसाहेब ऐटीत म्हणाल्या.

कुत्र्यानं तिच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. जनावरांना कधी कधी आधीच कळतं म्हणतात!

कारण या घरात 'ठरणं' ही साधीसुधी गोष्ट नव्हती. बाबांच्या कचेरीत नेमकं काय तयार होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण बैठका मात्र भरपूर तयार व्हायच्या, आणि त्यातली उरलेली पद्धत बाबा रोज घरी घेऊन यायचे. नियम एकच: सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्यामुळे दिवाणखान्याच्या तीन भिंती रंगवून झाल्या होत्या, चौथीवर एकमत व्हायचं होतं. नवा फ्रिज घ्यावा की नाही यावर इतकी चर्चा झाली, की जुना फ्रिजच शेवटी कंटाळून वारला, तेव्हा कुठे नवा आला!

तर रविवारी बैठक बसली. बाबा, आई, वकीलसाहेब आणि आत्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. पुढच्या खोलीत तिचं शिलाईचं मशीन होतं, आणि कपड्यांइतकीच ती माणसांचीही मापं घ्यायची.

"निर्बीजीकरणाच्या विषयावर," बाबांनी घसा साफ केला, "माझं मत असं, की एक वर्ष थांबावं. तिचं बालपण आहे. खेळू दे, बागडू दे."

"बालपण!" आत्या कडाडली. "अरे, मांजर आहे की बालवाडी? मी सांगते, आधी एकदा पिल्लं होऊ द्या. बाईच्या जातीला तेवढा हक्क आहे की नाही?"

"ताई, पिल्लं तुमच्या मशीनखाली ठेवू का मग?" आई म्हणाली. "काही नाही, उद्या सकाळी नेऊन आणा. विषय संपला."

वकीलसाहेब उठल्या. पदर नव्हता, म्हणून ओढणी खोचली. आणि काय बोलल्या महाराजा! बाबांना सांगितलं, मांजरीचं बालपण आपल्या उन्हाळ्याच्या सुट्टीपेक्षा लवकर संपतं. आत्याला सांगितलं, डॉक्टर म्हणाल्या पिल्लांची मुळीच गरज नसते, आणि रस्त्यावर आधीच इतकी उपाशी पिल्लं आहेत की त्यांचा हक्क कुणी बघायचा? आत्यानं गळ्यातल्या शिलाईच्या टेपनं डोळे टिपले. बाबांनी हात वर केला. आईनं तर केव्हाच केला होता.

"एकमत!" बाबा आनंदानं ओरडले. या घराच्या इतिहासात असं फारच क्वचित घडलं होतं.

इथं वकीलसाहेब खाली बसल्या असत्या, तर ही गोष्टही इथंच संपली असती. पण चषक डोक्यात गेला होता ना!

"थांबा," ती म्हणाली. "खरा वक्ता दुसरी बाजूही तितक्याच ताकदीनं मांडतो. नुसतं ऐकून तर बघा!"

आणि तिनं दुसरी बाजू मांडली. ते परकं टेबल. तो पांढरा दिवा. भूल उतरताना इवलासा जीव डोळे उघडतो आणि शोधत असतो... कुणाला? आपल्या माणसांना! इथं तिनं आवाज असा काही कापरा केला, की स्वतःच्याच अंगावर काटा आला. टाळ्यांची वाट बघत तिनं मान वर केली, तर आईचे डोळे भरलेले. आई! जी गणितात एका मार्कासाठी पोरांना पाणी पाजायची, ती आई!

"बिचारी गं," आई नाक पुसत म्हणाली. "उद्या नको. जरा थांबू या."

"आई, मी नुसतं दाखवत होते!"

"एकमत मोडलं," बाबांनी जाहीर केलं. "पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी तिनं आईला वळवलं, तर बाबांना आदल्या भाषणातली ती भूल आठवून गहिवरून आलं. त्याच्या पुढच्या रविवारी बाबा सरळ झाले, तर आत्या फिरली. तीन बेडकं तराजूत तोलायची आणि चौथं म्हणजे आपणच! एक बसवलं की दुसरं टुणकन बाहेर. दर वेळी वाकडं होणारं माणूस वकीलसाहेबांचंच एखादं वाक्य तिच्या तोंडावर फेकायचं. आपल्याच मुद्द्यांना उत्तर देता देता तिचा घसा बसला.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे गल्लीतला दांडगा बोका स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन बसायला लागला. रुंद मान, अर्धे मिटलेले डोळे, सगळी जागा आपल्याच बापाची असल्यासारखी बसण्याची ढब. आत्यानं त्याचं नाव ठेवलं ठेकेदार.

आणि दुसरी म्हणजे लवंगीचं पोट वाढायला लागलं.

आधी थोडं गोलसर. मग चांगलं गोल. मग ती चालायला लागली की पोट डावीउजवीकडे झुलायचं आणि ती स्वतः त्याच्या मधून वाट काढत असल्यासारखी दिसायची. लवंगीची बघता बघता ढोबळी मिरची झाली!

आत्यानं शिलाईचा टेप काढला. पोटाचं माप घेतलं, डोळे मिटून हिशेब केला आणि निकाल दिला, "दिवस गेलेत. चार तरी असतील."

"चार!" वकीलसाहेबांनी धावत जाऊन दार लोटलं.

"पाचही असतील. ठेकेदाराचं काम आहे, कमी भरायचं नाही."

"आत्या, आईला सांगू नकोस ना! प्लीज!"

"मी कशाला सांगू? पण पोट काय मुकं आहे?"

आई तर त्या दिवसांत काही बोलतच नव्हती. लवंगीकडे बघायची, पोटाकडे बघायची, आणि गप्पकन दुसऱ्या खोलीत निघून जायची. ते गप्प बसणं ओरडण्याहून वाईट! वकीलसाहेब रोज शाळेतून येताना आधी दारामागची टोपली आहे ना ते बघायच्या. शाळेत बाईंनी 'वेळीच घेतलेला निर्णय' या विषयावर बोलायला उभं केलं, तर त्या मान खाली घालून म्हणाल्या, "बाई, आज घसा बसलाय."

शेवटी एका संध्याकाळी तिनं लवंगीला उचललं (दोन्ही हात लागले) आणि टेबलाशी उभी राहिली.

"मी बैठक बोलावत नाहीये," ती म्हणाली. आवाजात ना चढ ना उतार. "मी हिला आत्ता डॉक्टरांकडे नेतेय. शब्द मी दिला होता, बडबडही मीच केली. पिल्लं झाली तर प्रत्येकासाठी घर मी शोधेन, दारोदार हिंडेन. पण आई, हिला बाहेर काढू नकोस. हिची काही चूक नाही."

कुणी मुद्दा काढला नाही. बाबांनी चपला घातल्या. आत्यानं शिलाईची टोपली रिकामी केली. आईनं पर्स उचलली. अशी वरात निघाली: टोपलीत लवंगी, एक कडी बाबांकडे, दुसरी वकीलसाहेबांकडे, आणि बरंच अंतर राखून मागून ठेकेदार.

"आलात का अखेर!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "ठरलं वाटतं?"

"डॉक्टर, उशीर झाला," वकीलसाहेबांचे डोळे भरून आले. "हिला... चार आहेत. किंवा पाच."

डॉक्टरबाईंनी लवंगीला टेबलावर घेतलं. पोट दाबलं. भुवया चढल्या. वजनकाट्यावर ठेवलं. भुवया आणखी चढल्या. मग पोटावर मशीन फिरवून पडद्यावर बराच वेळ पाहिलं. मग डावा कान चिमटीत धरला, आणि टेबलाला टेकून त्या हसायलाच लागल्या!

"हिचं ऑपरेशन झालेलंय."

"कधी?" चौघांनी एकदम विचारलं. दुसरं एकमत!

"तुमच्याकडे यायच्या आधीच. रस्त्यावरची पिल्लं पकडतात, लहानपणीच ऑपरेशन करतात आणि परत सोडतात. त्याच भुलीत कानाचं टोक कापून ठेवतात, म्हणजे पुन्हा कुणी पकडू नये. लांबूनही दिसावं म्हणून कान! आणि हा बघा पोटावरचा बारीक व्रण."

चौघांनी वाकून तो व्रण पाहिला.

"म्हणजे... कुत्रा?" बाबांनी क्षीण आवाजात विचारलं.

"कुठला कुत्रा?"

"नाही, काही नाही," बाबा म्हणाले, आणि भिंतीवरचा कुत्र्याच्या दातांचा तक्ता मन लावून वाचू लागले.

"मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, मांजर घेऊन ये," डॉक्टरबाई वकीलसाहेबांकडे वळल्या. "कान बघून दाराशीच सांगितलं असतं."

या वेळी वकीलसाहेबांचीच मान नंदीबैलासारखी हलली. स्पर्धेत असं कधी झालं नव्हतं.

"मग हे पोट?" आत्यानं विचारलं. "माझं माप चुकत नाही!"

"माप बरोबर आहे. आत नुसती चरबी आहे. हिला खायला कोण घालतं?"

"मी," वकीलसाहेब म्हणाल्या. "सकाळ-संध्याकाळ. आणि कधीमधी... शाळेतून आल्यावर."

"मी आपली थोडी साय," आत्या पुटपुटली. "दिवस गेलेत म्हणून. आणि त्याच्या आधीपासून."

"अर्धं उकडलेलं अंडं," बाबा तक्त्याकडे बघतच म्हणाले. "रोजचं."

मग तिघांनी आईकडे पाहिलं. आईनं ताठ मानेनं रुमाल काढायला पर्स उघडली, आणि पर्समधून मांजरांच्या खाऊची तीन पाकिटं टपटपटप फरशीवर पडली. लवंगीनं टेबलावरून उडी मारली आणि सराईतपणे आईच्या पायाशी जाऊन बसली. खिडकीबाहेर ठेकेदारही चटकन उठून उभा राहिला. तो इतके दिवस कशासाठी येत होता, ते आता कुणाला विचारायची गरज नव्हती.

"तुमच्या बैठका चालायच्या ना तासन् तास," आई लाल होत म्हणाली. "तेवढ्यात उपाशी राहील म्हणून. आणि मला वाटलं, पिल्लं आहेत, तर... चार म्हणजे काही फार नाहीत."

"आई!!"

"एक लक्षात ठेवा," डॉक्टरबाईंनी डोळे पुसले. "दिवसाला एक लहान कप खाणं. कोरडं. साय नाही, अंडं नाही, पर्स नाही! आणि घालणार एकच माणूस."

"ठीक आहे," बाबा म्हणाले. "कोण घालणार ते आम्ही रविवारी बसून..."

"इथंच!" डॉक्टरबाई गरजल्या.

आईनं हात वर केला. तिच्या चेहऱ्याकडे बघून बाकी कुणी केला नाही.

घरी आल्यावर प्रश्न उरला तो कपाचा. आत्याचा कप म्हणजे बादली. बाबांचा कप म्हणजे कचेरीतलं बक्षीस, त्याला हात लावायचा नाही. आई मिनिटभर स्वयंपाकघरात उभी राहिली आणि मग तिची नजर फ्रिजवर गेली. बाबांचीही गेली. आत्याची तर आधीच तिथं होती. लवंगीनंसुद्धा मान वर केली.

कुणी भाषण केलं नाही, कुणी मुद्दा मांडला नाही. तीन हात वर झाले, आणि चषक खाली आला. आईनं तो पुसला, त्यात खाणं भरलं. अगदी काठोकाठ एक माप!

वकीलसाहेबांनी विरुद्ध बाजू मांडायला तोंड उघडलं. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

तिनं ते मिटलं, आणि चौथा हात वर केला.