एका फेरीत किती मागावं

सुस्त यंत्राला पळतं कसं करायचं हे अख्ख्या अलमातीत दोनच माणसांना कळतं आणि त्यातला दुसरा निवृत्त झालाय, असं मी गेल्या हिवाळ्यापर्यंत सगळ्यांना सांगत असे. आता सांगत नाही.

आमची संस्था डोंगरातल्या हिमकड्यांवर नजर ठेवते. कडा कधी कोसळेल याचं गणित शंभरेक संगणक मिळून करतात; तेच आमचं यंत्र. त्यांना लागणारी माहिती तुकडे करून आठ सर्व्हरांवर वाटून ठेवलेली. संगणकानं मागायचं, सर्व्हरनं द्यायचं. एका फेरीत किती मागायचं, तो आकडा माझ्या हातात. निवृत्त गृहस्थांनी तो इतका बारीक ठेवला होता, की विहीर चमच्यानं उपसणं चाललं होतं.

"दौलेत, तुझा अंदाज येईपर्यंत बर्फ पडून वितळूनही जातो," हिमकडा विभागाच्या झौरेश आपा रोज ऐकवत.

त्यात राजधानीतून समिती येणार असं कळलं. यंत्र एवढं सुस्त असेल तर ते आस्तानाला हलवावं, असं तिकडे कुणाच्या तरी डोक्यात आलं होतं. यंत्र गेलं की आपांचा विभाग जाणार, आणि माझी तर पंखे पुसायलाही गरज उरणार नव्हती.

"काळजी नको," मी संचालक तोलेगेन साहेबांना म्हणालो. "दुपारपर्यंत उडायला लावतो."

आकडा नेला थेट शेवटच्या टोकाला. एका संगणकावर चालवून पाहिलं, तर काय, स्तेपीतला मोकाट घोडा! आपांना म्हटलं, "आजचा अंदाज यावरच चढवा. समितीचा चहा संपायच्या आत हातात."

"सगळे संगणक एकदम लावून बघितलेस का?"

"आपा, एक घोडा पळाला की कळप पळतोच."

समितीचे अध्यक्ष ओराझाली अक्साकाल, म्हणजे मानाचे वडीलधारे. ऐंशी ओलांडलेले, गणितातलं मोठं नाव. बरोबरचे सात सदस्य त्यांच्या चेहऱ्याकडे बघून हसत, आणि त्यांच्याच चेहऱ्याकडे बघून हसायचे थांबत. टेबलावर बाउरसाकचा, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा, डोंगर. आपा पाणी उकळणाऱ्या समोवरपाशी बसून रीतीप्रमाणे प्रत्येक प्याल्यात दोन-दोन घोट दूधचहा ओतत होत्या.

"यंत्राचं नक्की काय केलंस ते सोपं करून सांग," अक्साकाल म्हणाले.

सोपं करून सांगणं हा माझा जुना आजार. मी आपांच्या हातून किटली काढून घेतली.

"हे बघा. आपा दोन घोट देतात, प्याला रिकामा होऊन परत येतो, पुन्हा दोन घोट. चहापेक्षा प्याल्याचाच प्रवास जास्त. आमचं यंत्र हेच करत होतं. आता मी काय केलं?" आणि अक्साकालांचा प्याला काठोकाठ भरून मी त्यांच्यापुढे ठेवला.

सातही जणांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

आमच्याकडे प्याल्यात चहा जितका कमी, तितका मान मोठा. बसा, पुन्हा मागा. भरलेल्या प्याल्याचा अर्थ: प्या आणि चालू लागा. हे मला दात यायच्या आधीपासून माहीत आहे. असा प्याला मिळालेला पाहुणा तो विसरत नाही. त्याची नातवंडंही विसरत नाहीत.

तोलेगेन साहेब माझ्या कानाशी आले. "दौलेत, तुम्ही अक्साकालांना हाकलून दिलंत."

अक्साकाल टोपी सारखी करत होते. सात जणांचे हात आपापल्या टोप्यांकडे निघाले. तेवढ्यात मला सुचलं: एकालाच भरून दिला तर अपमान, सगळ्यांना दिला तर ती पद्धत! "हे सगळ्यांसाठीच आहे," असं म्हणत मी सरसकट ओतत सुटलो. चौथ्या प्याल्यावर किटली संपली. समोवरनंही तळ दाखवला. आता चौघांसमोर भरलेले प्याले होते, आणि चौघे रिकामे प्याले पुढे करून बसले होते.

इतक्यात आपांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं आणि शांतपणे ठेवून दिला.

"दौलेत, तुझा कळप बसला. सगळ्यांनी एकदम मोठं मागितलं. पहिल्या काहींना वाढता वाढताच सर्व्हर भरून गेले. बाकीचे आ वासून बसलेत."

अक्साकालांनी ते चार रिकामे प्याले पाहिले, मग मला पाहिलं.

"बाळ, तुझं उदाहरण अगदी अचूक आहे."

ते हसले. मग सात जण हसले.

"मग, निघायचं ना?" शेजारच्या सदस्यानं विचारलं.

"निघणार कसं? मला जा म्हटलंय, पण या चौघांना अजून चहाच मिळालेला नाही. चहा न पाजता पाहुणा गेला तर या संस्थेचं नाक कापलं जाईल. झौरेश, समोवर चढव. आणि तू, बाळ, जा. किटली केवढी, प्याले किती, ते आधी बघ आणि मग ओत."

मी गेलो. सर्व्हरांचं पोट किती, खाणारी तोंडं किती, हे आयुष्यात पहिल्यांदा मांडून पाहिलं. जो आकडा आला तो निवृत्त गृहस्थांच्या आकड्यापेक्षा मोठा होता. फार मोठा नव्हता, हे त्यांना कळवण्याची मला गरज वाटली नाही.

समोवर उकळला, दोन-दोन घोट फिरू लागले, आणि तिसऱ्या फेरीला अंदाज आला: वरच्या घाटातला कडा आज सुटणार. आपांनी लगेच रस्ता बंद करवला. दिवेलागणीला कड्यानं आपांचा शब्द राखला. खाली रस्त्यावर चिटपाखरूही नव्हतं.

समितीनं यंत्र अलमातीतच ठेवलं. अट एकच घातली: पाहुणे असताना यंत्रप्रमुखांच्या हाती किटली देऊ नये.

विजयी मुद्रेनं घरी आलो. बायकोनं, रौशाननं, माझ्यापुढे प्याला ठेवला. काठोकाठ भरलेला.

"तुला कुणी सांगितलं?"

"झौरेश आपांनी. दुपारभर फोन करत होत्या. दर वेळी थोडंथोडं सांगायच्या."

पद्धत जुनी होती, पण माहिती सगळीच्या सगळी पोचली होती. चहा मी उभ्यानंच प्यायलो.