विठूबाबांचा भरलेला पेला

पाळी गावच्या विठूबाबांना रस्ता कसा आहे विचारले की ते सांगत, "अर्धो पेलो." म्हणजे मोटारीत काठोकाठ भरून ठेवलेल्या पितळी पेल्यातले अर्धे पाणी त्या रस्त्यावर सांडले. गावाबाहेरच्या, खनिजाच्या ट्रकांनी उखडलेल्या रस्त्याला ते "कोरडो पेलो" म्हणत.

मोटार पोर्तुगीज अमदानीतली, काळी. गणपतीनंतर त्यांनी तिच्या पुढच्या स्प्रिंगांचे पाटे सुधारायला काढले. एक पाटा काढला, तर मोटारीने नाक जमिनीला लावले. परत घातला, तर पाणी त्यांच्याच तोंडावर उडाले. शेवटी बेळगावहून झटके खाणारे नवे शॉकअप आणून बसवले.

तेव्हा आम्ही घटक राज्यासाठी रान उठवले होते. सभांसाठी मोटार मागायला मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन गेलो. माझी पत्रके वाचून माणूस पेटून उठतो, असा माझा समज होता. विठूबाबांनी वाचले नाही. गठ्ठा उचलून पाहिला.

"असले आनीक आसात?"

मी धावत जाऊन सगळे आणले. त्यांनी ते पुढच्या सीटवर रचून दोरीने आवळले. म्हातारा चळवळीत आला, असे मला वाटले. ट्रकांच्या रस्त्यावर एक फेरी झाली.

"थेंबभर," ते म्हणाले आणि गठ्ठे उतरवू लागले. "राज्य मागीर, रे. पयलीं शालन."

शालन त्यांची एकुलती लेक, चोपडे गावी दिलेली. आई लहानपणीच गेली, विठूबाबांनीच वाढवलेली. पहिलटकरीण. तिला बाळंतपणाला माहेरी आणायचे होते, पण असल्या रस्त्यावरून सून धाडणार नाही, असा विहिणीचा निरोप होता. माझी जळजळीत पत्रके शालनच्या वजनाला उतरली होती.

चोपड्याला त्यांनी विहिणीसमोर पेला भरला आणि पुढच्या सीटवर बसलेल्या लेकीच्या हाती दिला. मी मागे. वाटेत सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात होते. पाळीचा रस्ता आला. मागचा ट्रक भोंगा वाजवून थकला. विठूबाबांचा एक डोळा रस्त्यावर, एक पेल्यावर. पाणी काठाशी हलायचे, सांडायचे नाही.

"बाबा, तान लागल्या," शालन म्हणाली आणि पेला तोंडाला लावून रिकामा केला.

विठूबाबांनी मोटार थांबवली. आता ओरडा बसणार, म्हणून मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

"आनीक जाय गो, बाये?"

पेला घेऊन ते उतरले. रस्त्याकडेच्या घरातून तो भरून घेऊन चालत आले. मोटारीपर्यंत पोचले, तेव्हा अर्धा सांडला होता.