नवी लाइट आणि पाडव्याचं श्रीखंड

फ्रिजची घरघर थांबली तेव्हा प्रबोधच्या हातात फोन होता आणि फोनवर बँकेची हिरवी बरोबरची खूण होती. जुन्या वीज कंपनीला दरमहा परस्पर जाणारे पैसे आता बंद. त्याने वर पाहिलं. पंखाही दमल्यासारखा थांबत चालला होता.

अनघाने सकाळी चपला घालता घालता बजावलं होतं, "आजपासून नवीन कंपनीची लाइट सुरू झाली, म्हणून जुन्यांचं जायरो लगेच काढून टाकू नकोस हं. शेवटचं बिल यायचंय त्यांचं." जायरो म्हणजे बँकेला एकदा सांगून ठेवायचं, की मग बिलं आपली आपण भरली जातात, अशी सिंगापूरची सोय. प्रबोधने मान डोलावली होती. पण पुण्यात सोडून दिलेल्या एका जिमने पुढे वर्षभर त्याच्या खात्यातून पैसे नेले होते. तेव्हापासून नको असलेलं काही यादीत दिसलं की त्याचा अंगठा शिवशिवायचा. अनघा फुलं आणि आंब्याची पानं आणायला तेक्का बाजारात गेली आणि अंगठ्याने डाव साधला.

तो दार उघडून बाहेर धावला. कॉरिडॉरमधला दिवा जळत होता. शेजारच्या घरातून टीव्हीचा आवाज येत होता. म्हणजे सेंगकांगच्या या अख्ख्या इमारतीत लाइट फक्त त्याच्याच घरची गेली होती.

"कापली!" तो पुटपुटला. "बटण दाबलं आणि कापलीसुद्धा! काय तत्पर देश आहे!"

एरवी तो घाम पुसत बसला असता. पण फ्रिजमध्ये मोठं पातेलंभर श्रीखंड होतं. गेल्या पाडव्याला अनघाच्या मैत्रिणीने, मधुवंतीने, सगळ्यांसमोर गोड आवाजात विचारलं होतं, "डब्यातलं आहे ना गं? छान आहे हो." तो डबा अनघाच्या मनात वर्षभर सलत होता. या वेळी तिने घरी दही लावलं होतं, चक्का टांगला होता आणि पुरणयंत्र फिरवून मनगट दुखवून घेतलं होतं. दुपारी तीच मधुवंती नवऱ्यासह जेवायला येणार होती. आणि सिंगापूरच्या उकाड्यात श्रीखंड आंबायला कितीसा वेळ लागतो!

प्रबोधने जुन्या कंपनीला फोन लावला. एका यंत्राने शांतपणे सांगितलं, की या पत्त्याचा वीजपुरवठा आता दुसऱ्या कंपनीकडे आहे. त्याने नव्या कंपनीला लावला.

"सर, तुमची लाइन आमच्याकडे चालू दिसतेय," तिथली मुलगी म्हणाली. "तुम्ही आधी घरातला मेन..."

"मॅडम, घरातलं सगळं ठीक आहे! जुन्यांनीच कापलीय!" असं म्हणून त्याने फोन ठेवला. मग जायरो पुन्हा चालू करायला बँकेचं ॲप उघडलं. ॲप म्हणालं, अर्ज मिळाला, मंजुरीला काही आठवडे लागतील.

काही आठवडे! त्याने पातेलं उचललं, वर एक ताटली झाकली आणि लिफ्ट गाठली.

लिफ्टसमोर त्याचे सासरे, हेमचंद्र, प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले होते. महिन्यापूर्वीच ते सांगलीहून लेकीकडे आले होते.

"बाबा, तुम्ही इथे?"

"माणूस यायचाय ना. इथले सगळे दरवाजे सारखे. चुकायचा बिचारा."

"अहो, जेवायला अजून अवकाश आहे. आत बसा."

"असू दे हो, प्रबोधराव. आपण बसलेलं बरं."

वाद घालायला वेळ नव्हता. लिफ्ट खाली निघाली.

चौथ्या मजल्यावर तान आंटी राहायच्या. अनघाबरोबर रोज फिरायला जायच्या. प्रबोधने कसंबसं कारण सांगितलं.

"कॅन, कॅन! पुट इनसाइड लाह!" म्हणत त्यांनी फ्रिज उघडला.

आतून आलेल्या वासाने प्रबोध एक पाऊल मागे सरकला. मधल्या कप्प्यात ड्युरियनचे, म्हणजे इथल्या फणसासारख्या पण भलत्याच उग्र वासाच्या फळाचे, सोललेले गरे उघडेच होते. त्याने पातेल्यावरच्या ताटलीकडे पाहिलं. ताटली लहान होती, पातेलं मोठं. डावीकडे झाकलं की उजवीकडे उघडं पडत होतं. पण आंबण्यापेक्षा वास परवडला, असं म्हणून त्याने डोळे मिटून पातेलं आत सरकवलं.

तो वर आला तेव्हा अनघा काळोख्या स्वयंपाकघरात फुलांची पिशवी घेऊन उभी होती.

"प्रबोध, लाइट का नाहीये?"

"ते... जुन्यांचं जायरो..."

"काढलंस?"

त्याने मान खाली घातली.

"आणि माझं श्रीखंड?"

"सुखरूप आहे! तान आंटींच्या फ्रिजमध्ये."

"आंटींच्या? अरे, कालच त्यांच्या मुलाने ड्युरियन आणलाय!"

ती आणखी काही बोलणार तेवढ्यात हेमचंद्र स्टूल घेऊन आत आले. "अनघा, तुझा तो वायरमन काही येत नाही बघ. मी मेन स्विच बंद करून ठेवलाय, तो किती वेळ ठेवू?"

"कसला वायरमन, बाबा?" अनघाने विचारलं.

"तूच म्हणालीस ना, आजपासून नवीन लाइट? सांगलीला मेन चालू असतानाच मीटर बदलायला गेला आणि खुर्चीवरून उडाला तो पोरगा. म्हणून म्हटलं, आधीच बंद करून ठेवावा."

"बाबा, वायर तीच, मीटर तोच. नुसता बिल पाठवणारा बदलतो."

"मग नवीन काय त्यात?" म्हणत हेमचंद्रांनी स्विच वर केला. फ्रिज घरघरला, पंखा फिरला.

"म्हणजे माझ्यामुळे नव्हती गेली!" प्रबोधने सुटकेचा निःश्वास सोडला.

अनघाने त्याच्या हातातून फोन घेतला, पाहिला आणि परत दिला. "लाइट तेवढी नव्यांकडे गेलीय. पाणी आणि गॅस अजून जुन्यांकडेच आहे, त्याची बिलं याच जायरोवर जात होती. आता मंजूर होईपर्यंत तूच भरायची. आठवणीने. आणि आधी पातेलं घेऊन ये."

पानं वाढली. मधुवंतीने पहिली वाटी उचलली आणि तिचा हात थांबला. तिने वास घेतला. अनघा पुरी लाटल्यासारखा चेहरा सपाट ठेवून उभी राहिली.

मधुवंतीने एक बोट चाटलं. मग दुसरं.

"अगं बाई, फणसाचं? काय वास सुटलाय! असं कुठल्या डब्यात मिळायचं नाही हो. कसं केलंस गं?"

अनघाने तिच्या वाटीत आणखी वाढलं.

"मी कुठे केलं? आपोआप झालं. विचार ह्याला."

प्रबोधने अंगठा मुठीत लपवला.