अकराची सुनावणी आणि पुढचा दात

परदेशातून आलेली वस्तू नेमकी काय आहे, हे कस्टमला पटवून देण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. हे मला स्वतःलाच सांगावं लागतं, कारण आमच्या ऑफिसात कौतुकाची पद्धत नाही. लोकांचा अडकलेला माल कस्टममधून सोडवणं हे आमचं काम. तिथे प्रत्येक वस्तूला एक क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकावर तिचं नशीब ठरतं. पाय धुवायचं घमेलं मी एकदा बागकामाचं साहित्य म्हणून सोडवलंय. शेवटी शेवटी घमेल्यालाही ते पटलं असावं.

गेल्या महिन्यात एक खेप अडकली. घरच्या घरी तात्पुरता दात बसवायची पाकिटं! आत मिरीएवढे पांढरे दाणे. ते गरम पाण्यात टाकले की मऊ होतात, मग पडलेल्या दाताच्या जागी दाबून बसवायचे, गार झाले की कडक. कस्टमचं म्हणणं, हे दातांच्या उपचाराचं साहित्य. तसं ठरलं तर आरोग्य खात्याचा परवाना हवा, तो आयातदाराकडे नव्हता, म्हणजे खेप आल्या पावली परत. आमचं म्हणणं, हे साधं प्लास्टिक. खेप सुटली तर वर्गीकरण विभागाचा प्रमुख तूच, असं साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं. बारा वर्षं मी झेरॉक्स मशीनला खेटून बसतोय. प्रमुखाची ती खिडकीजवळची खुर्ची मला मनापासून हवी होती.

सुनावणी अकराला होती. सकाळी आठला मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर फाइल मांडली. सोबत नमुन्याची तीन पाकिटं होती. म्हटलं, बोलायच्या आधी एक फोडून बघावं. बायको म्हणाली, कात्री घ्या. कात्री दोन हातांवर होती, पण मी काही बाबतीत स्वावलंबी आहे. पाकीट दातांत धरलं आणि ओढलं.

कट्ट असा आवाज आला. पाकीट जसंच्या तसं होतं आणि माझा वरचा, अगदी पुढचा दात अर्धा होऊन फाइलवर पडला होता. दात दुरुस्त करायच्या पाकिटाने माझा दात तोडला!

बायकोने दंतवैद्याला फोन लावला. दुपारी चारची वेळ मिळाली. मग तिने कात्री घेतली, पाकीट कापलं आणि माझ्यासमोर ठेवलं. तेव्हा मला सुचलं, की पाकीट फुटलंच आहे तर चारपर्यंत भागवावं. वाटीत गरम पाणी घेतलं, दाणे टाकले, मऊ झालेला गोळा आरशासमोर उभं राहून जागेवर दाबला. सोबतच्या कागदावर खाली बारीक अक्षरात काहीबाही होतं. पण आठवडाभर मी त्या कागदातल्या फक्त आमच्या फायद्याच्या ओळी वाचत आलो होतो, सवय मोडली नाही.

"कसा दिसतोय?" मी विचारलं.

"शेजारच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा," ती म्हणाली. "हसू नका म्हणजे झालं."

कस्टमच्या अधिकारी बाई पन्नाशीच्या, शांत. समोरचा जे बोलेल ते स्वतःच्या हाताने लिहून घेणाऱ्या. साहेब माझ्या शेजारी येऊन बसले. मी सुरुवात केली आणि लक्षात आलं, की प्रत्येक 'स'ला बारीक शीळ वाजतेय. तरीही मी रंगात आलो. दाणे, त्यांचा रंग, त्यांचं रसायन, सगळं समजावलं. बाईंनी विचारलं, लोक हे दात म्हणून वापरत असतील तर?

"मॅडम," मी म्हणालो, "कुठलाही शहाणा माणूस हे दात म्हणून तोंडात घालणार नाही. नाटकातल्या सोंगापुरती ही वस्तू आहे."

बाईंनी ते शब्दन्‌शब्द लिहून घेतलं. साहेबांनी टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर थोपटलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच. तेवढ्यात चहा आला.

चहा वाफाळत होता. मी कप नुसता धरून बसलो, तर साहेबांनी कोपराने ढोसलं. बाईंनी मागवलेला चहा नाकारायचा नसतो. मी घोट घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्या घोटाला माझा दात हळूहळू लांबायला लागला. जिभेने वर ढकलला तर तो जिभेबरोबर खाली यायला लागला. कशाने तरी जागेवर रेटावा म्हणून मी बिस्किटाचा तुकडा चावला. बिस्किट बशीत परत ठेवलं, तेव्हा दात बिस्किटात होता.

बाईंनी चष्मा लावला.

"हे काय आहे?"

माझी दातखीळ बसली होती, म्हणजे उरलेल्या दातांची. पण बारा वर्षांचा अनुभव अशा वेळी उपयोगी पडतो.

"प्लास्टिक, मॅडम."

"कुठून आलं?"

साहेब छताकडे बघत होते. छताला पंख्याशिवाय काही नव्हतं.

"तोंडातून," मी म्हणालो.

बाईंनी फाइलमधली नमुन्यांची नोंद पाहिली. तीन लिहिले होते. टेबलावर दोनच होते. त्यांनी काहीतरी लिहिलं, बराच वेळ लिहिलं, आणि निकाल गुरुवारी मिळेल असं सांगितलं. परतताना गाडीत साहेब माझ्या शेजारी न बसता पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसले. मी खुर्चीची आशा सोडली आणि चारला मुकाट दवाखान्यात गेलो.

गुरुवारी निकाल आला. आम्ही जिंकलो होतो! वस्तू साधं प्लास्टिक ठरली, परवान्याची गरज नाही, खेप सुटली. साहेबांनी सगळ्या ऑफिसला गोळा केलं आणि निकाल मोठ्याने वाचायला घेतला. नवव्या परिच्छेदापाशी ते जरा थांबले, पण वाचला.

"कोणतीही शहाणी व्यक्ती सदर वस्तू दात म्हणून वापरणार नाही, असे प्रतिनिधींचे म्हणणे आहे. सुनावणीदरम्यान प्रतिनिधी स्वतः ती वापरत असल्याचे आढळले. त्यामुळे मूळ म्हणण्यास कोणतीही बाधा येत नाही."

खुर्ची मला मिळाली. निकालाची प्रत बायकोने सावकाश वाचली आणि खालचा सरकारी शिक्का दोनदा पाहिला. मी इतकी वर्षं नुसतं तोंडी सांगत होते, म्हणाली.

नवव्या परिच्छेदाविरुद्ध तेवढं अपील करता येईल का, हे मी दुसऱ्याच दिवशी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, जिंकलेल्या माणसाला अपील करता येत नाही.