निळ्या पट्ट्यांचं हाडूक

हे लिहायचं माझ्या डोक्यात अजिबात नव्हतं. वाचनालयाच्या बाई तीनदा घरी येऊन गेल्या. "कुत्र्याचं ते लिहा ना, लोकांची करमणूक होईल." लोकांची करमणूक करायला मी काय माकड आहे? पण आमची बायको आतून ओरडली, "तुम्ही लिहिणार नसाल तर मी सांगते त्यांना." ती सांगते त्यात मी दर वेळी थोडा जास्त मूर्ख असतो. म्हणून मीच लिहितोय. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढची अक्कल कात्रीने दिली.

चाळीस वर्षं टेलरिंगचं दुकान चालवलं. गुडघे बोलायला लागले तेव्हा बंद केलं आणि मशीन घरी आणून खिडकीशी ठेवलं. त्याच्या शेजारी कटपिसांची तीन गाठोडी. तेवढ्यात मुलाने कुत्रा आणला. सूनबाई त्याला 'बाळ' म्हणते. मी 'मुकादम' म्हणतो, कारण स्वतः काही करत नाही, पण प्रत्येकाच्या कामावर जाऊन उभा राहतो.

मुकादमाला सारखं चावायला काहीतरी लागायचं. चपला झाल्या, मोजे झाले, टीव्हीचा रिमोट झाला. बाजारातलं रबराचं खेळणं अर्ध्या तासात खलास. एक दिवस सूनबाई मोबाईल घेऊन आली.

"बाबा, हे बघा. लोक जुन्या चिंध्यांची खेळणी घरीच शिवतात. तुमच्याकडे तर चिंध्यांची गाठोडी आहेत."

"चिंध्या नाहीत त्या. कटपीस आहेत."

"तेच ते."

तेच ते! ज्या हातांनी लोकांच्या लग्नाचे कोट शिवले त्या हातांनी आता कुत्र्याचं हाडूक शिवायचं? मी स्पष्ट नाही म्हणालो. दुपारी जेवून उठलो आणि शिवायला बसलो.

आता शिवायचं तर नीट शिवायचं. आधी हाडकाच्या आकाराचा कागद कापला, त्यावरून कापड बेतलं. आत फाटक्या बनियनच्या पट्ट्या ठासून भरल्या आणि कडेने दुहेरी शिवण मारली. बटण नाही, झिप नाही, गिळण्यासारखं काही नाही. मुकादम पूर्ण वेळ मशीनखाली बसून वर बघत होता.

कापडाचं सांगायला हवं, सगळी गोम तिथेच आहे. एक गिरणी बंद होत होती तेव्हा मी निळ्या-पांढऱ्या जाड पट्ट्यांचा अख्खा तागा उचलला होता. कापड असं, की झिजायचं नाव नाही. गिऱ्हाइकांनी मात्र नाकं मुरडली. मग काय, टाकून देऊ? आमचे पडदे त्याचे, उशांचे अभ्रे त्याचे, इस्त्रीच्या टेबलावरचं पांघरूण त्याचं, बायकोची बाजाराची पिशवी त्याची आणि माझे तीन पायजमे त्याचे. (बायको म्हणते, आपलं घर बाहेरून सर्कशीच्या तंबूसारखं दिसतं. ती आत राहते, तिला बाहेरून काय दिसतंय?) हाडूकही त्याचंच शिवलं.

हाडूक एकदम हिट झालं. एक टोक मी धरायचं, दुसरं मुकादमाने, आणि ओढाओढ. मग चेंडू शिवला, मग वेणी घालून दोरी केली. सगळं त्याच ताग्यातलं. दुकान बंद झाल्यापासून माझं काम कधी पुरं होतंय याची वाट बघत कोणी बसलं नव्हतं. हा बसायचा. जाऊ दे.

पंधरा दिवसांनी एक उशी फाटली. "लहान आहे अजून," सूनबाई म्हणाली. मग इस्त्रीचं पांघरूण गेलं. मग बायको बाजारातून आली तर मुकादमाने दारातच तिची पिशवी धरली, आणि कांदे जिन्यावरून थेट तळमजल्याला. कहर म्हणजे एका सकाळी मी उभ्याने पेपर वाचत होतो, तेव्हा त्याने पायजमा असा काही धरला, की नाडी होती म्हणून अब्रू वाचली.

"तुम्ही त्याला काहीतरी केलं असणार," बायको म्हणाली.

"मी काय करणार? मी नुसता उभा होतो!"

"कसे उभे होतात?"



आमचा मुलगा कमी बोलतो, त्यामुळे बोलला की तो ठरावच असतो. "यापुढे कोणाचं काहीही फाडलं, तर त्याला माझ्या मित्राकडे नेऊन सोडणार. त्याचं आवार मोठं आहे." सूनबाईचे डोळे भरून आले. मी म्हणालो, "सोड, सोड, ब्याद टळेल," आणि मशीनपाशी जाऊन बसलो. मुकादम आला आणि माझ्या पायावर हनुवटी टेकून पडला.

बसल्या बसल्या त्याने फाडून आणलेले तुकडे गोळा करायला घेतले. उशी, पांघरूण, पिशवी, पायजमा. सगळे एकाच ताग्यातले! साध्या चादरीला त्याने कधी दात लावला नव्हता. बिचाऱ्याला निळा पट्टा म्हणजे खेळणं, आणि हे घर म्हणजे खेळण्यांचं दुकान. शिकवलं कोणी? मी.

हे तेव्हाच घरात सांगायला हवं होतं, कबूल. पण मग बोलणी कोणी खायची? मी गुपचूप पडदे उतरवले, अभ्रे काढले, पायजम्यांसकट सगळं ट्रंकेत कोंबलं आणि झाकणावर बसून कडी लावली. "धुवायला काढलेत," म्हणून सांगितलं. घर उघडंबोडकं दिसायला लागलं, पण धोका संपला.

रविवारी सकाळी बेल वाजली. दार मी उघडलं. दारात आमचे व्याही, म्हणजे सूनबाईचे वडील, निवृत्त हेडमास्तर. अंगात निळ्या-पांढऱ्या जाड पट्ट्यांचा शर्ट.

दोन वर्षांपूर्वी मीच मापं घेऊन त्यांना तो शिवून दिला होता. आजवर एकदाही अंगावर दिसला नव्हता. नेमका आज माझा मान राखायला घालून आलेले! दुसरा कुठला दिवस असता तर मी मिठी मारली असती. पण आत स्वयंपाकघरात मुकादमाचं खाणं चालू होतं आणि भांडं चाटल्याचा आवाज येत होता. म्हणजे संपत आलं होतं.

"मास्तर, शर्ट काढा."

"अहो, आधी आत तर येऊ द्या."

"आत यायच्या आधीच काढा."

"मापाचं काही असेल तर सावकाश बघू. चांगला बसलाय."

"बसलाय ते मला माहितीये, मीच शिवलाय. काढा!"

मास्तरांचा चेहरा पडला. "दिलेली वस्तू परत मागताय, टेलरसाहेब?"

समजावायला वेळ कुठे होता? मी सरळ बटणांना हात घातला. त्यांनी कॉलर घट्ट धरली. (मुलांना मारून मारून हाताला चांगला जोर आलेला.) गडबड ऐकून सूनबाई धावत आली.

"बाबा! माझ्या वडिलांचे कपडे का काढताय?"

तिच्या मागोमाग मुकादम. त्याला काय दिसलं? निळे पट्टे, आणि ते धरून ओढणारा मी. म्हणजे खेळ सुरू! त्याने इमानाने दुसरं टोक धरलं.

पुढून मी, मागून तो, मध्ये हेडमास्तर. "सोड! अरे सोड!" असं ते ओरडत होते. कोणाला ओरडत होते देव जाणे, दोघांनाही लागू होतं. चाळीस वर्षांत माझी शिवण कधी उसवली नाही. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणालो, उसव बाई एकदाची. ती काही उसवली नाही. शेवटी कापडच फाटलं आणि मुकादम अख्खी पाठ घेऊन मशीनखाली जाऊन बसला. मास्तरांच्या अंगावर कॉलर, दोन बाह्या आणि एक खिसा राहिला.

मुलगा बाहेर आला. बघितलं. खुंटीवरची साखळी काढली. "आपलं ठरलं होतं," एवढंच म्हणाला.

सूनबाईने तोंड फिरवलं. मुकादम साखळी बघून शेपूट हलवायला लागला. त्याला वाटलं, फिरायला जायचंय. ते मात्र मला बघवेना.

"थांब," मी म्हणालो. "चूक माझी आहे."

बायको हातातलं काम टाकून बाहेर आली. (हे वाक्य तिने लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं होतं.)

मी ट्रंक ओढून आणली. आधी एक साधी चादर जमिनीवर टाकली. मुकादम तिच्यावर पाय देऊन निघून गेला. टॉवेल टाकला, त्याने हुंगलाही नाही. मग पट्ट्यांचा अभ्रा नुसता वर धरला, तर ही उडी! सगळ्यांना सगळं सांगितलं, ताग्यापासून हाडकापर्यंत.

मास्तरांनी तसल्या शर्टातही हात मागे बांधले आणि निकाल दिला. "कुत्रा निर्दोष आहे. जे शिकवलं ते चोख शिकला. विद्यार्थी पास, शिक्षक नापास."

मुलाने साखळी परत खुंटीला अडकवली. सूनबाई मुकादमाच्या गळ्यात पडली. ट्रंकेतलं सगळं कापड त्याच्या नावावर झालं, आणि बायकोने दुसऱ्याच दिवशी बाजारातून नवे पडदे आणले. फुलाफुलांचे. मला विचारलंही नाही.

मास्तरांना मी मुलाचा एक शर्ट दिला आणि हात जोडले. "मास्तर, माफ करा. माझा मान राखायला एवढा चांगला शर्ट घालून आलात आणि..."

"अहो, मनाला लावून घेऊ नका," मास्तर हसत म्हणाले. "घरी रंगकाम काढलंय. खराब झालं तरी चालेल असं काहीतरी शोधत होतो, तर हा सापडला. बदलायचं लक्षातच राहिलं नाही."

सगळे हसले. बायको तर भिंतीला टेकून हसली.

त्या दिवशी मुलाने कुत्र्याची माफी मागितली, सूनबाईने वडिलांची मागितली, मी सगळ्यांची मागितली. माझी मागायची राहिलीय ती फक्त एका माणसाने. आमचे व्याही, निवृत्त हेडमास्तर.